बॅटरी तापली पाहिजे

तळोद्याच्या पेठेत पारसमल शेठचं दुकान दिवस मावळायच्या आत बंद व्हायचं. शेजारची दुकानं तेव्हा कुठे दिवे लावून बसायची, गिऱ्हाइकांची खरी गर्दी तेव्हाच व्हायची, आणि या गृहस्थाचं शटर मात्र खाली. जैन माणूस. अंधार पडल्यावर तोंडात अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. जेवण उरकून, माळ जपून, गाव जागं असतानाच हा झोपलेला. आणि विकायचा काय, तर बॅटऱ्या! आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि तिच्या पोटात घालायच्या वस्तूला सेल. अर्धा तालुका रात्री शेतात राखणीला, पायवाटेनं पाड्यावर, नाल्याकाठी खेकडे धरायला पारसमल शेठची बॅटरी घेऊन हिंडायचा, आणि शेठला स्वतःला रात्र म्हणजे काय ते ऐकूनच ठाऊक.

"शेठ, तुम्ही अंधार कधी दखा तरी का?" असं मी चिडवायचे.

"अंधार तुम्ही दखा, सिस्टरबेन," ते म्हणायचे. "मी बॅटरी दखस."

मी नर्स. नोकरीची तेवीस वर्षं तळोद्यावरून वर चढून जावं लागणाऱ्या एका पाड्यावरच्या उपकेंद्रात काढली. जीप जाईल तिथवर जीपनं, पुढे पायी. वीज असली तर असली. बाळंतपणं मी मोजली नाहीत, पण ज्या बाळंतपणांची भीती अजून जात नाही ती बोटांवर मोजता येतात. त्या प्रत्येकात भीती एकच होती: बाईचं रक्त जातंय, माझे दोन्ही हात अडकलेत आणि उजेड गेला. सुईत दोरा नसला तर ओवता येतो, पाणी नसलं तर आणता येतं. उजेड गेला की मी फक्त एक घाबरलेली बाई उरते. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण नर्सनं घाबरायचं नसतं असं आम्हाला शिकवलेलं. पारसमल शेठना मात्र पहिल्याच भेटीत सांगून बसले, तेही भांडताना.

झालं असं, की एका शिबिरात मला एक दणकट एलईडी बॅटरी मिळाली होती. वीतभर लांब, जस्ती रंगाची, मानेशी चकत्या चकत्या कापलेल्या. बटण दाबलं की समोरच्या टेकडीवरचं झाड पान न पान दिसायचं. मी हरखले. पण पहिल्याच बाळंतपणात दोन-तीन मिनिटांत ती हाताला चटके द्यायला लागली, आणि मग आपोआप मंद झाली. सेल भरलेले होते, तरी मंद. पुढच्या वेळी मी शहाणपणा केला. हात भाजू नये म्हणून बॅटरीला मानेपासून शेपटीपर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलं. घोट्याला मुरगळल्यावर बांधतात ते. छान घट्ट आठच्या आकड्याचे वेढे, वर चिकटपट्टी. तर ती आणखीच लवकर मंद पडली. टाके घालताना. मी त्या दिवशी मेणबत्तीवर टाके पुरे केले आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी खाली उतरले ती थेट भांडायलाच. बॅटरी त्यांच्याकडून घेतलेली नव्हती, पण त्या पेठेत बॅटरीबद्दल भांडायचं तर त्यांच्याशीच, असा रिवाज होता.

शेठ गादीवर बसलेले. पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, डोळ्याला घड्याळजीचं भिंग दोऱ्यानं बांधलेलं. मी बॅटरी समोर आपटली. त्यांनी ती उचलली नाही, नुसती बघत राहिले.

"हाई काय शे?"

"बॅटरी. दुसरं काय?"

"तिले लागेल शे का काही?"

"पट्टी शे ती. हातले चटका बसस म्हनीसन गुंडाळी मी."

शेठ हसले नाहीत. हसले असते तर मी उठून आले असते. त्यांनी माझं बँडेज एकेक वेढा सोडवत काढलं, नीट गुंडाळी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सिस्टरबेन, तिले ताप उना आनि तुम्हीन गोधडी पांघरी दिधी."

मग त्यांनी बॅटरीचं डोकं चामड्याच्या पट्टीनं पकडून फिरवलं आणि उघडलं. आधी काच, मग चकचकीत वाटी, आणि तळाशी एक पिवळसर ठिपका. भिंग माझ्या डोळ्याला लावायला दिलं. टेकडीवरचं झाड दाखवणारा तो सगळा उजेड त्या तिळाएवढ्या ठिपक्यातून येत होता. मी खरंच श्वास रोखून बघत बसले.

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या बोलीत सांगायला तासभर लागला असेल, मी थोडक्यात सांगते. जुना तारेचा बल्ब आपली उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकायचा, त्याच्यासमोर हात धरला की ऊब लागायची. या नव्या दिव्याचा उजेड समोरून थंड लागतो म्हणून लोक फसतात. सेलमधून येते ती सगळी वीज काही उजेड होत नाही. थोडी उजेड होऊन पुढे जाते, आणि बाकीची त्या तिळाच्या पाठीशी उष्णता होऊन बसते. तिळाएवढी जागा, आणि तिथे चुलीएवढा ताप. तो तिथून हलला नाही तर तीळच करपतो. म्हणून तिळाखाली तांब्याची चकती, चकतीखाली पांढरा लेप, लेपाखाली ॲल्युमिनियमचं अंग, आणि अंगाला त्या कापलेल्या चकत्या. चकत्या शोभेला नव्हेत. तेवढ्याच अंगाला वारा जास्त जागी लागावा म्हणून त्या कापलेल्या असतात. तिळातला ताप असा हातोहात बाहेर आणून वाऱ्याला द्यायचा. आणि इतकं करूनही ताप वाढत गेला तर आत नखाएवढं एक यंत्र बसलेलं असतं, ते वीज कमी सोडतं. उजेड मंद होतो तो त्यामुळे.

"म्हंजे ती थकस?" मी विचारलं.

"थकस नई. जीव वाचाडस."

मी त्यांना सांगितलं की तिनं जीव वाचवला स्वतःचा, पण माझ्या हाताखालच्या बाईचं काय? तेव्हा रागाच्या भरात तोंडून निघून गेलं की मला उजेड जायची भीती वाटते, रात्री झोप लागत नाही. शेठनी माझ्या हातातलं भिंग घेऊन ठेवलं. मग म्हणाले, "ही बॅटरी मन्हाकडे ठेवा आठ दिवस."

आठ दिवसांनी गेले तर आतली तांब्याची चकती घासून सपाट केलेली, लेप नव्यानं लावलेला, आणि बटणाचे तीन टप्पे त्यांनी मला समजावून दिले. लहान, मधला आणि मोठा. मधल्यावर ती दोन-अडीच तास न डगमगता जळेल, कारण मधल्यावर जेवढा ताप तयार होतो तेवढा ती वाऱ्याला देऊन मोकळी होते. मोठ्यावर मात्र येणारा ताप जास्त, जाणारा कमी. "मधला तुन्हा कामना. मोठा फक्त दखाडाले," असं बजावलं. रागात असले की ते अरे-तुरेवर यायचे, आणि त्या दिवशी ते माझ्यावर नव्हे, त्या मोठ्या उजेडावरच रागावलेले होते. त्या मधल्या उजेडावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. एकदाही मंद झाली नाही.

त्यानंतर मी बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानात जाऊन बसायला लागले. काम नसलं तरी. मला त्या माणसाचं वेड लागलं होतं म्हटलं तरी चालेल. वयानं वडिलांसारखे, म्हणून सांगायला लाज नाही.

त्यांची एक तऱ्हा अशी, की न उघडता एकही बॅटरी विकायची नाही. खोकी आली की आधी सगळ्या खोलून बघायच्या. चकती नीट टेकलीय का, लेप आहे का, की नुसत्याच दोन स्क्रूवर लटकवलीय. लेप नसला तर स्वतः लावायचा, आणि कसा? सुईच्या टोकावर घेऊन. मी एकदा म्हटलं, "एवढुसाच? जरा भरपूर लावा ना." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाला दुप्पट इंजेक्शन द्यायला निघाले होते. दोन धातू एकमेकांवर ठेवले तरी ते सगळीकडे टेकत नाहीत, मध्ये केसाएवढ्या फटी राहतात, फटीत हवा असते आणि हवा ताप पुढे जाऊ देत नाही. लेप त्या फटीपुरता. जास्त झाला तर तोच आडवा येतो. त्यांना हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, बिघडलेल्या बॅटऱ्यांनी.

दुसरी तऱ्हा: बॅटरी पेटवून तपासायची ती दिवसाच, आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळी का नाही? तर किडे येतात. उजेडावर येऊन तापल्या काचेवर मरतात. शेठना ते सहन व्हायचं नाही. बॅटऱ्या विकणाऱ्या माणसाचा हा हट्ट बघून पेठेतले लोक गालात हसायचे. मीही हसले असेन. आता हसत नाही.

सुरतेहून एकदा एक विक्रेता आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात काळीभोर प्लास्टिकची बॅटरी. तिच्या उजेडात दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं जाळंसुद्धा दिसलं. "सेठ, हाथ में पकड़ो. दस मिनट जलाओ, एकदम ठंडी. गरम होती ही नहीं," असं म्हणून त्यानं ती माझ्याही हातात दिली. खरंच थंड होती. मी खुळ्यासारखी म्हणाले, शेठ, ही घ्या, हिच्यात चटका नाही. शेठनी ती पेटवून फळीवर ठेवली, शेजारी आपल्याकडची एक तापणारी पेटवून ठेवली आणि विक्रेत्याला चहा मागवला. चहा झाला, गप्पा झाल्या. मग त्यांनी दोन्ही उघडल्या. आपल्या बॅटरीचं अंग हात लावू देत नव्हतं, पण आतला तीळ जसाच्या तसा होता. त्या प्लास्टिकच्या बॅटरीत तिळाभोवतीची पाटी तपकिरी पडलेली, आणि जळक्या केसांसारखा वास.

"भाईर थंडी, ती मझार जळस," शेठ मला म्हणाले. "भाईर तपस ती चांगली."

मी चपापले, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. तापानं फणफणलेल्या लेकराचे हातपाय गार असतात आणि पोट भाजत असतं. आई म्हणते, हात गार लागतोय, ताप उतरला. आम्हाला कळतं की उतरला नाही, आत दडून बसलाय. हीच गोष्ट मी शंभर आयांना समजावली होती, आणि बॅटरी हातात आल्यावर मीही त्या आयांसारखीच फसले. शेठ चौथीपर्यंत शिकलेले. मी त्या दिवशी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

विक्रेता खोकं उचलून गेला. शेठनी त्याला टोचून काही म्हटलं नाही, जाताना शेवेची पुडी मात्र दिली.

लोक काय काय करून बॅटऱ्या आणायचे! सायकलची जुनी ट्यूब कापून बॅटरीच्या अंगावर चढवायची, ही वरच्या पाड्यांवरची सर्रास पद्धत. पावसात हातातून निसटत नाही आणि चटका बसत नाही. रबरानं ताप आत कोंडतो आणि महिन्याभरात बॅटरी मरते. शेठ ती ट्यूब कातरीनं कापून काढायचे आणि तिच्याऐवजी शेपटीला सुतळीचा फास बांधून द्यायचे, मनगटात अडकवायला. एकदा एक पावरा आदिवासी आजोबा आले. त्यांनी बॅटरी घरीच दुरुस्त केलेली. आत पांढरा लेप असतो हे कुठेतरी बघितलं होतं, तर त्यांनी आपल्या डबीतला तंबाखूचा चुना लावला होता! वाळून त्याचे पोपडे झालेले, आणि ॲल्युमिनियम खाऊन काळं केलेलं. मला हसू आवरेना. शेठनी मला डोळ्यांनीच दटावलं. आजोबांशी ते त्यांच्या पावरीत बोलत होते. मला जेवढं कळलं त्यावरून, चुना चुकला पण विचार बरोबर होता असं त्यांनी आजोबांना सांगितलं. तास घालवून त्यांनी दाढीच्या ब्रशनं तो चुना कणाकणानं झाडला. म्हातारा असा ताठ होऊन गेला जसा काही परीक्षेत पास झाला.

आणि एक नियम होता, तो मात्र फार जाचायचा. बॅटरी दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाही. ज्याला वापरायचीय त्यानं यावं, ती पेटवून बघावी, दोन गोष्टी ऐकाव्या आणि मग न्यावी. "बॅटरी दिधी आनि सांगं नई, तर अर्धंच काम," म्हणायचे. या नियमापायीच ते एकदा वर आले.

ते मला शेवटचे दिसले तेही त्याच दिवशी. त्या दिवाळीत मुलानं त्यांना सुरतेला नेलं, दुकान विकलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते तिथेच वारल्याचं मला पेठेत कळलं. तेव्हा जे सांगायचंय ते त्या श्रावणातल्या दुपारचंच, आणि त्या दुपारीही, दारातली एक झलक सोडली तर, ते मला पुरे दिसले नाहीत.

आमच्या पाड्यावर सुरमी नावाची बाई होती, तिसऱ्या खेपेची. दुसऱ्या खेपेला तिचं इतकं रक्त गेलं होतं की आम्ही आशा सोडली होती. म्हणून या वेळी मी तिला आठवडाभर आधीच खाली दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं. पण नाल्याला पूर आला आणि रस्त्याचा मोठा तुकडाच वाहून गेला. तीन दिवस वीज नाही, मोबाइल मेलेले. त्यात माझी बॅटरी तळोद्यात, शेठकडे, सेलचं टोक गंजलं म्हणून दुरुस्तीला दिलेली. दोराला धरून नाला ओलांडणाऱ्या एका पोराकरवी मी खालच्या जीपवाल्या रूपसिंगला निरोप दिला, की काहीही करून शेठकडून बॅटरी आण, सुरमीची वेळ आलीय.

दुपारी सुरमीच्या कळा सुरू झाल्या. आणि पाहते तो रूपसिंगच्या मागे काठी टेकत, पांढरा सदरा चिखलानं माखलेला, पारसमल शेठ! सत्तरी ओलांडलेला माणूस. रूपसिंगनं जीप नाल्यापलीकडे लावली होती. शेठ दोराला धरून नाला ओलांडून, चढ चढून आले होते. खांद्याला अडकवलेला पाण्याचा तांब्या आणि पाणी गाळायचं दुहेरी फडकं. ते फडकं ते जन्मभर सोबत बाळगत, गाळल्याशिवाय पाणी पीत नसत. मी दारातूनच बॅटरी घेतली. त्यांनी दम घेत दोन गोष्टी सांगायला तोंड उघडलं, पण आतून सुरमी ओरडली आणि मी पळाले.

तिकडची घरं कुडाची. बांबूच्या कामट्यांचा कूड, वर माती-शेण लिंपलेलं, खिडकी नाही. भर दुपारीही आत हात दिसत नाही. बाळ झालं, रडलं, मुलगी. वार पडली. मी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, पिशवी दगडासारखी घट्ट झाली, आणि तरी रक्त थांबेना. म्हणजे आत खोल कुठेतरी फाटलं होतं. ते सापडलं तर चिमट्यात धरून टाका घालता येईल, नाही सापडलं तर सुरमी माझ्या हातात जाईल. नाला ओलांडून तिला नेण्याइतका वेळ नव्हता.

मधल्या उजेडात सगळं लाल एकसारखंच लाल दिसत होतं. मी सुरमीच्या सासूला मोठा उजेड लावायला सांगितलं. म्हातारीनं बॅटरी धरली, तिला चटका बसला, तिनं पदरात घेऊन धरली. उजेड मंदावला. मी किंचाळले असेन. कुडाच्या फटीतून बाहेर उजेड दिसत होता, तो कमी झालेला शेठनी बाहेरूनच ओळखला.

"पदर काढा! तिले उघडी ठेवा!" ते बाहेरून ओरडले. मग भिलीत म्हातारीला काही म्हणाले. पुरुषानं आत यायचं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. म्हातारीनं मला एकदा पाहिलं, सुरमीला एकदा पाहिलं, आणि दोन्ही हातांनी कुडाचं लिंपण ओरबाडून काढलं, कामट्या फाकवल्या. त्या भोकातून खांद्यापर्यंत एक हात आत आला. सदऱ्याची बाही वर गुंडाळलेली, मनगटावर निळ्या शिरा. तोंड त्यांनी पलीकडे, डोंगराकडे केलं होतं. म्हातारीनं बॅटरी त्या हातात दिली.

त्यांनी दुसऱ्या हातानं ते पाणी गाळायचं फडकं आत दिलं. म्हातारीनं ते उभं फाडून, भिजवून बॅटरीच्या मानेला गुंडाळलं, काच मोकळी ठेवून, आणि घरातल्या तांब्यानं त्यावर धार धरली. कोरडं कापड ताप कोंडतं, ओलं तो पाण्याबरोबर ओढून नेतं. त्या फडक्यावाचून शेठ घोटभरही पाणी न पिता खाली उतरले, हे रूपसिंगनं मला पुढच्या आठवड्यात सांगितलं.

"शेठ, फडकं हाततळे बी ल्या, भाजशात!" मी म्हटलं.

"हात उघडाच ऱ्हाऊ द्या," ते पलीकडून म्हणाले. "मानूसना हात म्हंजे चालतं पानी शे. तोबी ताप लई जास."

मला, नर्सला, हे कुडापलीकडून एका दुकानदारानं सांगावं! पण खरंच होतं ते. हातात रक्त वाहत असतं आणि वाहतं रक्त तापलेल्या धातूचा ताप घेऊन अंगभर पसरवत जातं. त्या माणसानं आपलं अख्खं अंग त्या बॅटरीच्या मागे लावलं होतं.

मोठा उजेड लागला. पांढरा, स्वच्छ, न हलणारा. एक मिनिट, तीन मिनिटं, दहा मिनिटं. म्हातारी पाणी ओतत होती आणि एका हातानं सुरमीचा गुडघा धरून होती. भिजल्या फडक्यातून वाफ निघत होती. मी "डावीकडे" म्हटलं की हात डावीकडे, "खाली" म्हटलं की खाली, आणि थांबला की असा थांबायचा जसा भिंतीत खिळा. फाटलेली जागा मला सापडली तेव्हा मी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. चिमटा लागला. पहिला टाका, दुसरा, तिसरा. पाऊण तासात उजेड एकदाही कमी झाला नाही. अशी बॅटरी मी आयुष्यात पाहिली नाही, आणि असा हात तर नाहीच.

रक्त थांबलं. मी नाडी धरली, बारीक होती पण होती. मुलगी सुरमीच्या छातीशी दिली, तिनं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं.

"शेठ, झायं. सोडा आते," मी म्हटलं.

हात सुटेना. मी उठून बॅटरी विझवली. त्यांच्या तळव्याची कड लालभडक होऊन सुजली होती, अंगठ्याखाली टरटरून फोड आलेला. म्हातारी पुढे झाली आणि त्यांची बोटं हळूच उलगडायला बघू लागली, पण ती घट्ट मिटलेली. मला वाटलं आखडली असतील. मग पलीकडून त्यांचा आवाज आला, इतका बारीक की मला कुडाला कान लावावा लागला.

"सिस्टरबेन, ती शे ना?"

"शे, शेठ," मी म्हटलं. "माय आनि पोर, दोन्ही शेतस."

तेव्हा कुठे त्या बोटांनी बॅटरी सोडली.